हैदराबाद नंबर १२-ए

लंडनच्या उत्तर भागात हेंडन नावाच्या ठिकाणी रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. त्यात पहिल्या महायुद्धातलं एक बॉम्बर विमान ठेवलंय. मॉडेल डीएच-९ए, क्रमांक एफ-१०१०. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे पायलट, मागे ऑब्झर्व्हर. विमानाच्या अंगावर इंग्रजीत काही शब्द रंगवलेत. त्यांचा अर्थ असा: ‘हैदराबादचे निजाम यांच्याकडून भेट. हैदराबाद नंबर १२-ए.’

हे हैदराबाद म्हणजे फक्त चारमिनार आणि बिर्याणीचं शहर नव्हे. १९१८ साली हैदराबाद संस्थान आजच्या तेलंगणापासून कर्नाटकातल्या गुलबर्गा-रायचूरपर्यंत आणि इकडे मराठवाड्यात पार औरंगाबादपर्यंत पसरलेलं होतं. आमचं जळकोटही त्यातच. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. मी म्हणतोय ते धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग सोडल्यावर थोड्याच वेळात लागणारं.) म्हणजे विमानावर जे नाव रंगवलंय, ते तेव्हा आमच्याही सरकारचं नाव होतं.

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या भागात बॉम्बर विमानांच्या क्रूची स्मारकं ठिकठिकाणी दिसतात. कुठे चर्चच्या आवारात, कुठे जुन्या धावपट्टीच्या कडेला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या शेतांमध्ये विमानतळ झाले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड अशा देशांतून आलेली विशीतली पोरं तिथे राहिली, रात्री उडाली आणि त्यातली बरीच परतली नाहीत. पोरं गावची नव्हती, तरी गावाने त्यांच्यासाठी दगड उभारला.

जळकोटात असा दगड नाही आणि असण्याचं कारणही नाही. आमच्याकडे बॉम्बरचा तळ नव्हता. तरीही या क्रूच्या गोष्टीचं एक टोक आमच्या शिवारात येऊन पोचतं. ते टोक पैशाचं आहे. मेलेल्याचं नाव दगडावर येतं. पैसे देणाऱ्या राजाचं नाव विमानावर येतं. राजाच्या तिजोरीत ज्यांचा पैसा गेला, त्यांचं नाव मात्र कुठेच येत नाही. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

पैसे कुणाचे?

क्रिकेटच्या जर्सीवर कंपनीचा लोगो असतो, तशी पहिल्या महायुद्धात विमानांवर नावं असायची. ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहती, संस्थानं, शहरं, श्रीमंत लोक विमानासाठी पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात विमानावर देणाऱ्याचं नाव रंगवलं जायचं. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने मात्र सुटं विमान दिलं नाही, आख्खी स्क्वाड्रन दिली. ती ‘११० (हैदराबाद) स्क्वाड्रन’. तिच्या विमानांवर ‘हैदराबाद’ आणि पुढे क्रमांक असे. १२-ए हे त्यातलं एक.

निजामाला याचा मोबदला मिळाला तो मानाचा. युद्धातल्या मदतीबद्दल ब्रिटिशांनी त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा बाकी कुठल्याच संस्थानिकाकडे नसलेला किताब दिला, शिवाय ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ ही पदवी.

आता तिजोरीकडे बघू. निजामाकडे पैसा यायच्या वाटा ठरलेल्या होत्या. दिवाणी मुलखाचा शेतसारा, दारूवरची अबकारी, मालावरची करोडगिरी म्हणजे जकात, आणि निजामाच्या खासगी मालकीच्या ‘सर्फ-ए-खास’ जमिनींचं उत्पन्न. यातली कुठलीही वाट धरून मागे चालत गेलात, तरी शेवटी एखादं शेत लागतं. ज्वारीचं, तुरीचं, कापसाचं. पैशाला गावाचा वास येत नाही. एकदा तिजोरीत पडला की जळकोटचा रुपया आणि वरंगळचा रुपया सारखेच. पण पडतो तो गावातूनच.

आमच्या भागाने तर मालक बदलताना पाहिलेत. १८५३ मध्ये कर्जापोटी झालेल्या तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गचा कारभार बघायला आला. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत निजामाकडे गेले. पुढे जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला आलं आणि जिल्ह्याला त्याच उस्मान अली खानाचं नाव मिळालं: उस्मानाबाद. २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं. सही कुणाची हे बदलत राहिलं, सारा भरणारा तोच राहिला.

सप्टेंबर १९१८

११० स्क्वाड्रन १ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्सला पोचली. तळ होता बेटाँकूर नावाच्या गावात. जर्मनीच्या आत घुसून कारखाने, रेल्वे आणि शहरांवर बॉम्ब टाकण्यासाठी ब्रिटिशांनी ‘इंडिपेंडंट फोर्स’ नावाचं वेगळं दल काढलं होतं, त्यात ही स्क्वाड्रन होती. डीएच-९ए हे तेव्हाचं अगदी नवं विमान, त्याला अमेरिकन लिबर्टी इंजिन, आणि ते घेऊन युद्धात उतरलेली ही पहिली स्क्वाड्रन.

१४ सप्टेंबरला पहिला हल्ला, बूले इथल्या जर्मन विमानतळावर. २५ सप्टेंबरला फ्रँकफर्ट. त्या दिवशी चार विमानं परत आली नाहीत. २१ ऑक्टोबरला कोलोनकडे निघाली, तेव्हा सात विमानं गेली. एका विमानात दोन माणसं, म्हणजे एका दिवसात १४ जण. काही मेले, काही कैद झाले. युद्ध संपलं ११ नोव्हेंबरला. हैदराबादच्या नावाची ही स्क्वाड्रन जेमतेम दोन महिने लढली आणि तेवढ्यात तिची अशी चाळण झाली.

याच आठवड्यांत इकडे काय चाललं होतं?

१९१८ चा पाऊस फसला होता. दख्खनच्या मोठ्या भागात खरीप गेलं, धान्य महागलं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएन्झाची दुसरी, जीवघेणी लाट मुंबई बंदरातून आत सरकली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणायचे. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्यांना उचलत होती. भारतभरात मेलेल्यांचे बहुतेक अंदाज एक ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत. हैदराबाद संस्थानाची १९११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ ला ती सुमारे १ कोटी २५ लाख भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून नऊ लाखांनी कमी झाली. दुष्काळ, साथ, उपासमार, सगळं त्यात आलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून मला ‘बघा, विमानं उडवली आणि लोकांना मारलं’ असं सोपं गणित मांडायचं नाही. एका स्क्वाड्रनचे पैसे वाचवून मानमोडी थांबली नसती. तेव्हा तिच्यावर औषधच नव्हतं. मुद्दा नोंदीचा आहे. फ्रँकफर्टवर गेलेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक, पायलटचं नाव, ऑब्झर्व्हरचं नाव, परत आला की नाही, हे सगळं आज मला घरबसल्या लॅपटॉपवर सापडतं. त्याच महिन्यात आमच्या शिवारात मेलेल्यांचा मात्र फक्त बेरजेचा आकडा उरलाय, आणि तोही दहा वर्षांनी झालेल्या वजाबाकीतून काढावा लागतो. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्यात म्हणतात, ज्याचा लॉग नाही ते घडलंच नाही. मशीनच्या बाबतीत हे ठीक आहे. माणसांच्या बाबतीत इतिहास असाच वागला, तर त्याला जाब विचारायला हवा.

पकडलेलं विमान

१२-ए चं पुढे काय झालं, ती गोष्ट सिनेमाला शोभेल अशी आहे.

५ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली हे विमान घेऊन निघाले. लक्ष्य कोलोन होतं, पण हवा खराब निघाली. विमान जर्मन हद्दीत उतरलं आणि दोघं कैद झाले. विमान जर्मनांच्या हाती लागलं. पुढे ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात विजयाची खूण म्हणून मांडलं गेलं. ‘निजामाकडून भेट’ ही अक्षरं आता बर्लिनकर वाचत होते.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश बॉम्बर विमानांनी बर्लिनवर केलेल्या हल्ल्यांत ते संग्रहालय उद्ध्वस्त झालं. म्हणजे ब्रिटिश बॉम्बरच्या नातवंडांनी आपल्याच आजोबांच्या घरावर बॉम्ब टाकला. काही विमानं त्याआधीच पूर्वेकडे हलवली होती, त्यात १२-ए होतं, म्हणून ते वाचलं. युद्धानंतर सीमा सरकल्या, तो भाग पोलंडमध्ये गेला आणि विमान पोलंडच्या ताब्यात आलं. अनेक वर्षं ते तिथेच पडून राहिलं. शेवटी १९७७ मध्ये अदलाबदल झाली. ब्रिटिशांनी एक स्पिटफायर पोलंडला दिलं, ते आता क्राकोव्हच्या संग्रहालयात आहे, आणि त्या बदल्यात ‘हैदराबाद नंबर १२-ए’ इंग्लंडला आलं.

तोवर हैदराबाद संस्थान संपून २९ वर्षं झाली होती. नकाशावरून गेलेल्या राज्याचं नाव एका कापडी विमानाने फ्रान्स, जर्मनी, पोलंड फिरून जपलं.

दुसरं युद्ध, तेच नाव

पहिल्या युद्धानंतर ११० स्क्वाड्रन मोडली होती. १९३७ मध्ये ती पुन्हा उभी केली, आणि ‘हैदराबाद’ हे नावही तिच्याकडेच राहिलं. तिच्या बोधचिन्हावर हैदराबादची आठवण म्हणून वाघ आहे. दुसऱ्या युद्धात आणखी दोन स्क्वाड्रन हैदराबादच्या नावाने झाल्या: १५२ आणि २५३. या दोन्ही लढाऊ विमानांच्या. १५२ च्या बोधचिन्हावर तर चक्क निजामाची पगडी आहे आणि खाली ब्रीद आहे ‘विश्वासू मित्र’. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या पोरांच्या बिल्ल्यावर ही पगडी होती. हैदराबाद काही एकटं नव्हतं. १३९ ला जमैकाचं, १०२ ला सिलोनचं, १३२ ला मुंबई शहराचं नाव होतं. आकाशातल्या युद्धाची वर्गणी जगभरातून गोळा होत होती.

११० चा तळ आता इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात वॉटिशम इथे होता, आणि विमानं ब्लेनहाइम. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारलं. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, जर्मन युद्धनौकांवर ब्रिटिशांचा पहिला बॉम्बहल्ला झाला. ११० ची पाच विमानं फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरान याच्या नेतृत्वाखाली विल्हेल्म्सहाफेनकडे गेली आणि ढगांखालून, अगदी खालून उडत ‘अॅडमिरल शेर’ या नौकेवर त्यांनी बॉम्ब टाकले. त्यातले काही फुटलेच नाहीत. ११० चं एक विमान पडलं. त्यांच्या मागोमाग आलेल्या १०७ स्क्वाड्रनच्या पाचपैकी चार विमानं गेली. थोडक्यात, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांची सुरुवात ज्यांनी केली, त्यांच्या स्क्वाड्रनच्या नावात आपलं संस्थान होतं.

१९४२ मध्ये ११० भारतात आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढली. आधी व्हेन्जन्स आणि मग मॉस्किटो विमानं घेऊन. ज्या मातीचं नाव घेऊन उडत होती, तिच्या देशात ती अशी २४ वर्षांनी पोचली.

आणि क्रूमध्ये मराठी माणूस? तोही सापडतो. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे रॉयल एअर फोर्सच्या लँकॅस्टर बॉम्बरवर नॅव्हिगेटर होते. नॅव्हिगेटर म्हणजे अंधारात, ना जीपीएस ना दिवे, नकाशा, घड्याळ आणि गणित यांच्या जोरावर सात माणसांना लक्ष्यापर्यंत नेणारा आणि परत आणणारा. त्यांना डीएफसी हे पदक मिळालं. ते ज्या लँकॅस्टरवर अनेकदा उडाले, ते आर-५८६८, शंभराहून जास्त मोहिमा करून टिकलं आणि आज हेंडनच्या त्याच संग्रहालयात उभं आहे. म्हणजे एकाच आवारात एका विमानावर हैदराबादचं नाव आहे, आणि दुसऱ्याच्या लॉगबुकात सुखठणकरांचं.

सुखठणकर वाचले, हे नशीब. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उडणाऱ्या माणसांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले ४४. सगळे स्वतःहून भरती झालेले आणि सरासरी वय बाविशीच्या आसपास. माझ्या टीममध्ये नुकत्याच लागलेल्या फ्रेशर्सचं वय तेवढंच असतं.

दगड काय बोलतो

ज्यांचं प्रेत सापडलं नाही, अशा २० हजारांहून अधिक वैमानिकांची नावं लंडनजवळ रनीमेड इथे भिंतींवर कोरली आहेत. ते स्मारक १९५३ मध्ये खुलं झालं. पण खास बॉम्बर कमांडच्या माणसांसाठी लंडनमध्ये मोठं स्मारक व्हायला जून २०१२ उजाडलं, युद्ध संपल्यावर ६७ वर्षांनी. ग्रीन पार्कमध्ये सात जणांचा क्रू ब्राँझमध्ये उभा आहे, आणि वरच्या छताला बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरचं अॅल्युमिनियम वापरलंय. २०१८ मध्ये लिंकनला आणखी एक केंद्र झालं. तिथे सुमारे ५८ हजार नावं आहेत.

इतका उशीर का? कारण खाली माणसं होती. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये काही रात्रींत पस्तीस हजारांहून अधिक, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार. त्यात बायका, पोरं, म्हातारी. ज्या पोरांनी हे केलं, त्यातली अर्ध्याच्या आसपास स्वतः मेली. त्यांना काय म्हणायचं, हे ब्रिटिशांनाही बराच काळ ठरवता आलं नाही. शेवटी ग्रीन पार्कच्या स्मारकावर एक वाक्य कोरलं गेलं, की १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व देशांच्या लोकांचंही हे स्मारक आहे. एका वाक्यात का होईना, खाली मेलेले दगडावर आले.

आपल्याकडे मेलेल्यांसाठी दगड उभारण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. मराठवाड्यात कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात बघा, वीरगळ सापडेल. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. त्यावर बहुतेक वेळा नाव नसतं. गंमत बघा: रनीमेडच्या भिंतीवर नावं आहेत पण चेहरे नाहीत, वीरगळावर चेहरा आहे पण नाव नाही. एकाने माणूस मोजला, दुसऱ्याने प्रसंग जपला. शेंदूर लावून आपण त्या वीराचा देव केला आणि तो कोण होता हे विसरलो.

इंग्रजांच्या मुलखात गावांनाही दगड मिळाले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. हैदराबादच्या घोडदळाची आठवण दिल्लीत आहे. तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या सैनिकाचा. या सगळ्या दगडांनी लढणाऱ्यांची आठवण ठेवली. युद्धाचा खर्च उचलणाऱ्याचा दगड जगात कुठेच नसतो.

१३ सप्टेंबर १९४८

इथवर युद्ध दूर होतं. आता ते आमच्या रस्त्यावर येतं.

१५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजामाने भारतात यायला नकार दिला. तीन तीन ब्रिटिश स्क्वाड्रन ज्याच्या नावाने उडाल्या, त्याच्याकडे स्वतःचं लढाऊ हवाई दल नव्हतं. वर्षानुवर्षं ‘विश्वासू मित्र’ म्हणून मिरवलं, पण ऐनवेळी ब्रिटिश मदतीला आले नाहीत. आला तो सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन साहसवीर. तो रात्री कराचीहून बिदर, वरंगळकडे चोरून शस्त्रं आणायचा. कशातून? लँकॅस्ट्रियन विमानांतून. लँकॅस्ट्रियन म्हणजे लँकॅस्टर बॉम्बरमधून बॉम्बची सोय काढून केलेलं नागरी विमान. सुखठणकरांच्या बॉम्बरचं हे सख्खं भावंड.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झालं. मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. पहिली चकमक नळदुर्गला झाली. हैदराबादची तुकडी किल्ल्याच्या बाजूला होती आणि बोरी नदीवरचा पूल भारतीय फौजेने अचानक धडक देऊन शाबूत ताब्यात घेतला. रस्ता मोकळा झाल्यावर चिलखती गाड्यांची रांग सकाळी नऊच्या सुमारास जळकोटला पोचली. तिच्यामागून मोटारींवरची ९ डोग्रा ही पलटण पुढे गेली आणि दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्याला जाऊन थडकली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, उमरग्याच्या पुढे राजेश्वरच्या वाटेवर, दबा धरून बसलेल्या तुकड्यांवर भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो.

ज्या राज्याने ३० वर्षांपूर्वी बॉम्ब टाकायला विमानं दिली, त्याच्या शेवटच्या आठवड्यात विमानं त्याच्यावर आली. कथा म्हणून हे वर्तुळ नीट जुळतं. पण रस्त्याकडेच्या माणसासाठी ते नीट नव्हतं.

त्याआधीच्या महिन्यांत रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. सरहद्दीवर कॅम्प करून लढणाऱ्या तरुणांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, आणि ती ऐकायलाच हवी. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. हे लिहिलं की कुणीतरी विचारतं, ‘मग आधीचं विसरायचं का?’ नाही. दोन्ही लक्षात ठेवायचं. रझाकाराच्या हातून मेलेला आणि रझाकार समजून मारलेला, दोघांनीही त्याच निजामाला सारा भरला होता.

ग्रीन पार्कच्या दगडावर ‘सर्व देशांच्या लोकांचंही’ हे शब्द यायला ६७ वर्षं लागली. आपली ६७ वर्षं २०१५ मध्येच उलटून गेली.

आपल्या खिशातला दगड

जळकोटात दगड उभारायचा झाला तर त्यावर काय लिहाल? मी काही वेळा मनातल्या मनात मजकूर जुळवून पाहिला. निजामाचं नाव नको, ते विमानावर आहे. वैमानिकांची नावं त्यांच्या भिंतींवर आहेत. आमच्या दगडावर सालं यावीत असं वाटतं. १९१८: पाऊस नाही, मानमोडी, आणि तरी सारा. १९३९ ते ४५: पुन्हा दुसऱ्याचं युद्ध. १९४८: सप्टेंबर, आणि त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने. त्यापुढे नावं. नावांसाठीच बरीच जागा सोडावी लागेल.

ती नावं अजून पूर्ण हरवलेली नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. चिलखती गाड्या बघायला तो रस्त्यावर धावला असेल, किंवा आईने त्याला ज्वारीच्या पिकात लपवलं असेल. मानमोडीत कोण गेलं हे त्याने आजीकडून ऐकलं असेल. एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी उर्दू मोडणीतली सातबाऱ्याआधीची कागदपत्रं, साऱ्याच्या पावत्या असतील. आपण ती ‘वाचता येत नाही’ म्हणून रद्दीत घालतो.

इंग्लंडमधल्या गावांनी जे केलं, त्याला फार पैसा लागला नव्हता. गावातल्या लोकांनी एकमेकांना विचारलं, तारखा जुळवल्या, नावांची स्पेलिंगं तपासली आणि मग दगड आणला. दगड सगळ्यात शेवटी येतो. आधी यादी लागते.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. घरातलं, गल्लीतलं, पलीकडच्या मोहल्ल्यातलं सगळ्यांत म्हातारं माणूस गाठा. फोनवरचं रेकॉर्डर चालू करा, परवानगी विचारा, आणि एकच प्रश्न टाका: ‘आज्जा, फौज आली तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ मध्ये बोलू नका. चहा येईल, विषय भरकटेल, भावकीतलं भांडण निघेल. चालू द्या. नाव आलं की तेवढं नीट विचारून घ्या: कुणाचा कोण, कुठल्या गावचा, कसा गेला. फाइलला तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. कागद असतील तर त्यांचे फोटो काढा, सावलीत, फ्लॅश बंद करून.